पान फुटलं, मूळ नाही: एका अंजिराच्या 30 काड्यांचं प्रकरण

काड्या लावल्यापासून 31व्या दिवशी मी पहिला कप उलटा केला. काडीला वर तीन कोवळी पानं होती, काही दिवसांपासून मान टाकलेली. काडी धरून ओढली तर अलगद हातात आली, आणि बुडाकडची साल ओल्या मोज्यासारखी निसटून मातीतच राहिली. आतलं लाकूड काळपट, बोटाला बुळबुळीत, वास साचलेल्या गटारासारखा. मुळं शोधली. एकही नव्हतं.

गंमत अशी की या काडीवर माझा सर्वांत जास्त भरवसा होता. पहिल्या खेपेच्या 14 काड्यांत पहिलं पान हिनेच काढलं होतं. त्या पानाचा फोटो मी चार जणांना पाठवलाही होता.

झाड मावशीचं, घाई पाइपाची

मावशीच्या परसात अंजिराचं जुनं झाड होतं. त्याची मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरली. अंजिराची ही खोड जुनीच आहे, ओल जिकडे असेल तिकडे मुळं वाट काढतात. पाइप दोनदा तुंबल्यावर झाड काढायचं ठरलं. मावशीचा फोन आला, "तुला काड्या हव्या असतील तर रविवारच्या आत ने. नंतर मला विचारू नकोस."

मला काड्याच हव्या होत्या, बी नको होतं. बियांपासून मावशीचं अंजीर पुन्हा मिळत नाही. परागीभवन न होताच पिकणाऱ्या जातींच्या फळातलं बी पोकळ असतं, रुजतच नाही. परागीभवन होऊन बी धरलंच, तरी त्यातली साधारण निम्मी रोपं नर जातीची निघतात आणि त्यांची फळं खाण्याजोगी नसतात. उरलेली कशी निघतील याचाही भरवसा नाही. तेच झाड हवं असेल तर त्याचाच तुकडा लावावा लागतो.

शिवाय माझा समज असा की अंजीर लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. कुठेतरी वाचलं होतं की जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, जेरिकोजवळ गिलगाल इथे उत्खननात 9 जळकी अंजिरं सापडली, सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची. 2006 साली संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दावा केला की ही फळं परागीभवनाशिवाय पिकणाऱ्या जातीची आहेत, म्हणजे माणसाने फांद्या लावूनच ती झाडं वाढवली असणार. धान्याच्या शेतीच्याही आधी. पुढे त्यावर इतर अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण माझ्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं: अश्मयुगातल्या माणसाला जमलं ते मला का जमू नये? तो काड्या कपात लावून रोज संध्याकाळी पाणी घालत नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या 14

झाडावर अजून पानं होती. खालची पिवळी पडायला लागली होती, शेंडे मात्र हिरवेगार. हाताला येतील त्या 14 काड्या मी कापल्या, बहुतेक शेंड्याकडच्या, लुसलुशीत. कापल्याबरोबर चीक ठिबकायला लागला. मनगटापर्यंत ओघळ आले आणि मी ते पँटला पुसले. दोन दिवसांनी मनगटावर लालसर चट्टे उठले आणि महिनाभर तपकिरी डाग राहिले. अंजिराच्या चिकात सोरालेनसारखी द्रव्यं असतात. ती कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. तेव्हापासून हातमोजे घालतो आणि चीक लागलाच तर लगेच साबणाने धुतो.

घरी येऊन कुंडीतली माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं घेतलं, कपांत दाबून भरलं, काड्या खोचल्या. प्रत्येकीवर प्लास्टिकची पिशवी चढवून कप खिडकीत उन्हाला ठेवले आणि रोज पाणी घातलं.

9व्या दिवशी डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुगले. 14व्या दिवशी पहिलं पान. तिसऱ्या आठवड्याअखेर 14 पैकी 12 काड्यांना पानं होती आणि मावशीला मी फोनवर "सगळ्या जगल्या" असं सांगून टाकलं होतं. 26व्या दिवशी पानं मलूल झाली. मला वाटलं तहान लागली, पाणी वाढवलं. त्याच सुमारास मातीवर बारीक काळी चिलटं नाचायला लागली. तीही खूणच होती. सततच्या ओलीत, कुजत्या कंपोस्टवर ती पोसली जातात.

31व्या दिवशी काय झालं ते वर आलंच आहे.

उघडून पाहिल्यावर

त्या दिवशी मलूल झालेल्या दहाही काड्या काढून ओळीने वर्तमानपत्रावर मांडल्या. सहा बुडापासून शेंड्यापर्यंत गेल्या होत्या. चार काड्यांचा खालचा भाग काळा होता, पण वरची साल नखाने खरवडली की आत अजून हिरवं दिसत होतं. मुळं दहांतल्या एकीलाही नव्हती.

मग पानं कुठून आली? काडीच्या लाकडात झाडाने साठवलेलं पिष्ट असतं, थोडं पाणीही असतं. ऊब मिळाली की डोळा त्या शिदोरीवर फुटतो. त्याला मुळांची गरज नसते. फुलदाणीत ठेवलेल्या फांदीलाही पालवी येते, तसंच हे. पण पान उघडलं की ते हवेत पाणी सोडू लागतं, म्हणजे खर्च सुरू होतो आणि जमा काहीच नसते. काडीची शिदोरी संपायच्या आत खाली मुळं धरली तर रोप, नाहीतर वाळलेली काटकी.

माझ्या काड्यांना ही शर्यत धावताच आली नाही. चिंब मातीत हवा उरत नाही, आणि मूळ फुटायला बुडाच्या पेशींना प्राणवायू लागतो. कापलेल्या उघड्या टोकाला बुरशीने गाठलं. लाकूड कुजल्यावर पाणी वर चढेना, म्हणून पानं मलूल झाली. मी पाणी आणखी घातलं. तहानेने आणि कुजण्याने पानं सारखीच मान टाकतात. फरक कप उचलून कळतो. जड कपातलं पान मलूल असेल तर पाणी नकोच.

कधीच पान न काढलेल्या दोन काड्या कोरड्या पडून मेल्या होत्या. ज्या दोन टवटवीत राहिल्या, त्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. एकीचा कप खालून तडकलेला होता आणि मी घातलेलं पाणी गुपचूप निघून जात होतं. दुसरी काडी या खेपेतली एकमेव जाड, तपकिरी, फांदीच्या बुंध्याकडून आलेली होती. म्हणजे एकीला चुकून निचरा मिळाला होता, दुसरीला चुकून चांगलं लाकूड.

अर्ध्या बचावलेल्या चार काड्या निरोगी लाकडापर्यंत मागे कापल्या, पानं सगळी काढून टाकली आणि जेमतेम ओल्या वाळूत खोचल्या. त्यातली एक लागली. 14 पैकी 3, असा पहिल्या खेपेचा हिशेब.

दुसरी संधी

पाइपाचं काम करणारा माणूस ठरल्या दिवशी आलाच नाही. नंतरचे सहा आठवडेही तो येतच राहिला, म्हणजे फोनवर. तेवढ्यात थंडी पडली आणि झाडाची पानं पूर्ण झडली. मी मावशीकडे पुन्हा गेलो. ती दारातच म्हणाली, "सगळ्या जगल्या होत्या ना?"

या वेळी कात्री लावली तेव्हा चिकाचा एखादा थेंब आला आणि थांबला. त्याच झाडाच्या त्याच फांद्या, पण झाड झोपलं होतं. हिरव्या काडीतली साठवण पानं वाढवण्यात खर्च होत असते. पानगळीनंतर तीच लाकडात मुरते. म्हणून अंजिराच्या काड्या घ्यायची वेळ विचारली तर माझं उत्तर असं: पानं झडल्यापासून डोळे फुगायला लागेपर्यंत कधीही, त्यातही थंडी ओसरायच्या सुमारास घेतल्या तर उत्तम, कारण पुढे येणारी ऊब आयती मिळते. जिथे गोठवणारी थंडी पडते तिथे शेंडे करपायच्या आत काड्या कापून ठेवाव्यात. जिथे झाड पूर्ण झोपतच नाही, तिथे वाढ मंदावलेली असताना छाटणी होते, तीच वेळ साधावी आणि काडीवरची पानं काढून टाकावीत. भर वाढीतल्या हिरव्या काड्याही लागतात, पण त्यांना सतत दमट हवा द्यावी लागते आणि चुकीला वाव फार कमी असतो.

लगेच लावायला जमत नसेल तर काड्या जेमतेम ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या तर काही आठवडे सहज टिकतात. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. कागद पिळून पाणी निघत असेल तर तो जास्त ओला आहे.

एकूण 16 काड्या निवडल्या. गेल्या हंगामातलं लाकूड, पेन्सिलीपेक्षा थोडं जाड ते अंगठ्याएवढं, लांबी 15 ते 20 सेंटिमीटर, प्रत्येकीवर चार-पाच डोळे. शेंडे टाकून दिले. तिथे लाकूड कमी आणि भेंड, म्हणजे मधला मऊ गाभा, जास्त असतं, आणि भेंड आधी कुजतं. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ घेतला, वरचा डोळ्याच्या बोटभर वर तिरका. तिरका काप माझ्यासाठी होता. पानं नसलेली काडी उलटी लावणं वाटतं त्याहून सोपं आहे. काड्या धुतल्या, सावलीत दोन तास ठेवल्या, मग बुडाजवळ दोन बाजूंनी सालीवर दोन-तीन सेंटिमीटरच्या उभ्या चिरा दिल्या. त्या चिरांच्या कडेने मुळं लवकर धरतात.

यांतल्या आठ कपांत लावल्या. चार ओल्या कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवल्या. चार थेट परसात, मोकळ्या मातीत, फक्त वरचा एक डोळा बाहेर ठेवून गाडल्या.

वाफसा

कपांसाठी तीन भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं. खत नाही, बागेतली माती नाही. मूळ नसलेल्या काडीला खत खाता येत नाही, ते फक्त बुरशी खाते. मातीचं आणखी एक भय सूत्रकृमींचं, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींचं. अंजिराच्या मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी लवकर लागतात. जमिनीच्या वर, फांदीवरून कापलेल्या काडीबरोबर ते येत नाहीत, पण कपात आपणच माती घातली तर आपल्या हाताने आणतो.

ओल किती ठेवायची, याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटाने ढोसलं तर फुटावा, आणि बोटांतून थेंब गळू नये. पण माझा हात पाण्याला सैल आहे हे पहिल्या खेपेने सिद्ध केलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा मध्ये आणला. वाफशावर असलेला कप काडीसकट 190 ग्रॅम भरला. तो 150च्या खाली येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं. पहिलं पाणी 11व्या दिवशी घातलं. पहिल्या खेपेत तोपर्यंत अकरा वेळा घालून झालं होतं.

कप पारदर्शक होते. मुळांना अंधार मानवतो म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळला आणि पाहायचं असेल तेव्हाच सोडला. सगळे कप झाकणाच्या पारदर्शक डब्यात, उन्हापासून दूर, फ्रिजच्या डोक्यावर ठेवले. तिथे थर्मामीटर 22 ते 24 अंश दाखवत होता. मुळांना तळाशी ऊब लागते. 15च्या खाली काम फार रेंगाळतं. डब्याच्या आत थेंब जमले की झाकण उघडून पुसायचं, तेवढीच हवा खेळते.

चार कपांतल्या काड्यांच्या बुडाला संजीवकाची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी, पावडर लावली होती, चारांना नाही. मला फरक दिसला नाही. आठ काड्यांवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही, पण अंजिरासाठी पावडर शोधत फिरायची गरज नाही हे माझं मत झालं आहे.

12व्या दिवशी डोळे फुगले, 17व्या दिवशी पान आलं. या वेळी मी फोटो काढला नाही. 20व्या दिवशी सालीवर पांढरे फुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले आणि क्षणभर वाटलं, आली मुळं. ती नव्हती. सालीची श्वासरंध्रं दमटपणाने फुगली की अशीच पांढरी, भुसभुशीत दिसतात. मूळ निघताना ठिपक्याला टोक असतं आणि दोन दिवसांत ते दोऱ्याएवढं लांबतं. 23व्या दिवशी ते दिसलं, कपाच्या भिंतीला चिकटलेलं, पांढरंशुभ्र, वाकून खाली निघालेलं. बुडाच्या कापाला कॅलसची, म्हणजे जखम भरताना येणाऱ्या पेशींची, जाड कड आली होती, पण मूळ त्या कडेतून न येता तिच्या लगेच वर असलेल्या डोळ्याशेजारून आलं होतं.

आठपैकी सात काड्यांना मुळं आली. एकीचं बूड कुजलं, का ते कळलं नाही.

सातांतली एक मात्र वेगळीच. 40व्या दिवशीही तिला पान नव्हतं, डोळा फुगलेलाही नव्हता. मेली असं समजून कप रिकामा करायला घेतला, सवयीने काळा कागद सोडला आणि थांबलो. कप मुळांनी भरलेला होता. वरचा डोळा मेला होता आणि खालचा घाई न करता बसला होता. तो 58व्या दिवशी फुटला.

उरलेल्या आठ

कागदात गुंडाळलेल्यांना मुळं सर्वांत आधी आली, 18व्या दिवशी. पण एकीवर करडी बुरशी चढली आणि ती गेली. उरलेल्या तीन कपात हलवताना एकीची सगळी मुळं कागदाला चिकटून तुटली. अंजिराची पहिली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात. शेवटी दोन उरल्या. ज्याला रोज उघडून पाहायचा मोह आवरत नाही त्याने ही पद्धत करावी, एरवी थेट कपात लावलेलं बरं.

जमिनीतल्या चारांकडे मी कौतुकाने पाहिलंही नाही. गाडल्या, एकदा पाणी दिलं, वर पालापाचोळा टाकला. दोन महिने काही नाही. ऊन तापायला लागल्यावर तीन काड्यांना डोळे फुटले, आणि सहा महिन्यांनी तीच रोपं कपातल्यांपेक्षा उंच आणि दणकट होती. ती ना हलवावी लागली, ना उन्हाची सवय करावी लागली. जमीन पाण्याचा निचरा करणारी असेल, सूत्रकृमींचा त्रास नसेल आणि काड्या भरपूर असतील तर मी पुन्हा हेच करेन. मूठभरच काड्या असतील आणि झाड पुन्हा मिळणार नसेल तर मात्र कप.

कपातली रोपं 40व्या दिवसाच्या पुढे, मुळं पांढऱ्याची तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटल्यावर कुंडीत हलवली, मातीचा गोळा न फोडता. डब्याचं झाकण आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग रात्रभर उघडं, असे दहा दिवस लावले. तरी एक रोप घाईने दुपारच्या उन्हात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची पानं कागदासारखी पांढरी झाली. सावलीत परत आणल्यावर महिन्याभराने नवी पानं आली. दोन रोपांनी पानांच्या काखेत वाटाण्याएवढी अंजिरं धरली, ती खुडून टाकली. एवढ्याशा मुळांवर फळ पोसायला लावणं बरं नव्हे.

16 पैकी 12 रोपं झाली. पहिल्या खेपेत 14 पैकी 3. पण वेळ, लाकूड, माती आणि पाणी हे चारही मी एकदम बदललं, त्यामुळे श्रेय कुणाचं किती, हे छातीठोक सांगता येत नाही. तडकलेल्या कपातली ती काडी आठवली की माझं मत पाण्याकडे झुकतं. तिचं लाकूड हिरवं होतं, माती तीच होती, तरी ती जगली.

एक गोष्ट मी उशिरा पाहिली. नव्या रोपांच्या पानांवर फिकट पिवळे, वेडेवाकडे डाग आहेत, सगळ्यांच्याच. मावशीच्या झाडाच्या जुन्या फोटोत पाहिलं तर तिथेही तेच. अंजिराचा मोझॅक विषाणू काडीबरोबर येतो आणि त्यावर औषध नाही. सूक्ष्म कोळीही तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तेच झाड परत हवं म्हटल्यावर हेही सोबत आलंच. मावशीच्या झाडाने डागांसकट वर्षानुवर्षं फळं दिली, म्हणून रोपं ठेवली आहेत, पण दुसऱ्या अंजिरांपासून लांब. काड्या घेण्याआधी पानं असताना झाड एकदा पाहून ठेवायला हवं होतं.

मावशीला मी उशिरा पान काढलेलं रोप दिलं. तिने ते मोठ्या कुंडीत लावून गच्चीवर ठेवलं आहे. कुंडीखाली दोन विटा आहेत. "भोकातून मुळं बाहेर आली की दिसायला हवीत," म्हणाली. दर रविवारी ती वाकून बघते.